आरशाची पाठ

जुनी वस्तू ओळखायची तर ती मागून बघावी लागते. पुढून सगळंच छान दिसतं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकवलं आहे की आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "हिने मलाही लग्नाआधी उलटा करून पाहिला असता, पण तिच्या वडिलांना घाई होती." पाहुणे हसतात. मीही हसत असे. आता हे वाक्य कोणी काढलं की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून जाते.

हे लष्करात होते. मी सांगलीची. बदल्यांच्या मागे अर्धा देश पालथा घालून आम्ही चंदीगडला आलो आणि इथेच राहिलो. फार विचार करून घेतलेला निर्णय नव्हता तो. शेवटची बदली इथली होती आणि सामान पुन्हा बांधायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं. सामानही साधं नव्हतं. लोक बदलीच्या गावाहून शाली आणतात, लोणची आणतात. मी मोडक्या खुर्च्या, पाय गेलेली टेबलं आणि आरसे आणत असे.

आमच्या शहरातल्या सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या परदेशी लिलावात विकल्या जातात हे पेपरात यायला लागल्यापासून इथे ज्याच्या-त्याच्या अंगणात खुर्च्या उताण्या पडलेल्या दिसतात. मग कोणीतरी माझं नाव सुचवतं. पलीकडच्या गल्लीतले सरदारजी फोन करतात, "भाभीजी, ज़रा आके देख जाओ." मी टॉर्च, भिंग आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन जाते, सांधे बघते, खिळे बघते आणि दहातल्या नऊ वेळा सांगते की ही खुर्ची तुमच्या जावयाच्या वयाची आहे. समोरच्याचं तोंड उतरतं. उतरू दे. खोट्याला खरं म्हणायचं नाही, हा माझा एकमेव धर्म होता आणि त्याचा मला गर्व होता. हे म्हणायचे, "अगं, चहा पाजलाय त्यांनी, थोडं गोड बोलावं." पण चहाचा आणि खिळ्यांचा काय संबंध?

माझा खरा जीव मात्र अमेरिकन वस्तूंवर. तो जडला तीसेक वर्षांपूर्वी, यांची बदली पहाडात झाली तेव्हा. त्या गावाच्या वरच्या अंगाला एका जुन्या अमेरिकन मिशनचे बंगले होते. मिशनची माणसं कधीच आपल्या देशी परतली होती आणि बंगल्यांतलं उरलंसुरलं सामान काढून टाकणं चाललं होतं. छावणीतल्या बाकीच्या बायका तिथे बश्या आणि पडदे बघायला गेल्या. मला एका खोलीत, गाद्यांच्या ढिगामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एक आरसा दिसला. म्हणजे मला त्याची पाठच आधी दिसली.

जवळजवळ चार फूट उंच. दोन्ही बाजूंना अर्धगोल खांब, त्यांवर सोनेरी मुलाम्याचे अवशेष. वरच्या भागात काचेच्या मागून रंगवलेलं एक चित्र : निळ्या छपराचं घर, शेजारी कलंडलेलं झाड. मागची फळी पाइनची होती. पहाडात कोणीही तिला देवदार म्हणालं असतं, पण देवदार जरा खरवडला की वास देतो, कितीही जुना असो. हिला वास नव्हता. फळीवरून तळवा फिरवला की ती किंचित लाटालाटांची लागायची, म्हणजे हाताने रंधा मारलेली. खिळे चौकोनी डोक्यांचे, आठ, त्यांतले दोन नंतर बदललेले. पेन्सिलीचं टोक काचेला टेकवलं तर टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात जेमतेम फट राहत होती, म्हणजे काच पातळ आणि जुनी. आणि फळीच्या मधोमध, पिवळं पडलेलं, एक कोपरा फाटलेलं छापील लेबल. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातल्या आरसे बनवणाऱ्याचं, दुकानाच्या पत्त्यासकट. असं लेबल शाबूत मिळणं म्हणजे आमच्या छंदात देव भेटल्यासारखं. मी तिथल्या तिथे फरशीवर बसकण मारली.

लेबलाच्या खाली पेन्सिलीने लिहिलेल्या तीन-चार ओळी होत्या.

त्या मी वाचल्या. हे मला पक्कं आठवतं. टॉर्च तिरपा धरला होता, अक्षर बाईचं होतं, उजवीकडे झुकलेलं, आणि शेवटची ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड होती. नावं होती आणि तारखा होत्या. वाचल्या आणि पुन्हा लेबलाकडे वळले.

घरी आणल्यावर मी तो आरसा माझ्या वहीत उतरवला. प्रत्येक वस्तूसाठी दोन पानं असा माझा नेम होता. लेबलावरचं अक्षरन् अक्षर, फाटलेल्या कोपऱ्याच्या मापासकट, मी नकलून घेतलं. खिळ्यांची चित्रं काढली. मग दोन वर्षांनी बदलीचा हुकूम आला आणि बांधाबांध सुरू झाली.

फौजी घरात सामानाची पाठ ही पत्ता लिहायची जागा असते. काळा ऑइलपेंट आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत हुद्दा, नाव, कुठून, कुठे आणि नग क्रमांक. लाकडी पेट्यांना तर हे लागतंच, पण आमच्याकडे कपाटं, टेबलं, पलंगाच्या फळ्या, सगळ्यांच्या मागे ते लागत असे, कारण एकदा आमचा पलंग दुसऱ्या कोणाच्या सामानाबरोबर जोधपूरला जाऊन आला होता. यांचे सहायक जवान अंगणात ओळीने सामान मांडून रंगवायला बसले. आरशाची पाळी आली तेव्हा त्यांनी मला विचारलंही, "मेमसाब, इसको भी?" मी म्हटलं, थांबा. लेबलावर वर्तमानपत्राचा बरोबर मापाचा तुकडा कापून, कडेने चिकटपट्टी लावून मी ते झाकलं. मग म्हटलं, हं, आता रंगवा.

रंग वाळल्यावर कागद काढला. काळ्या पाठीवर लेबल खिडकीसारखं उघडं राहिलं. किती हुशारी केली असं मला वाटलं होतं. यांना बोलावून दाखवलंही होतं.

पुढची सगळी वर्षं तो आरसा आमच्याबरोबर फिरला. चंदीगडच्या घरात तो बैठकीच्या खोलीत आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीने मला इंटरनेटवरच्या अमेरिकन आरशांच्या एका हौशी मंडळात दाखल करून दिलं. मी पुढचे-मागचे फोटो टाकले, आरसा कुठल्या गावातल्या कसल्या बंगल्यातून घेतला तेही लिहिलं. तिकडच्या लोकांनी लेबल पाहून वाहवा केली. इतकी वर्षं, इतका प्रवास, आणि लेबलाला ओरखडा नाही! मी दोन दिवस फुशारून फिरत होते. तिसऱ्या दिवशी एक निराळंच पत्र आलं.

लिहिणारा ऐंशी ओलांडलेला अमेरिकन म्हातारा होता. त्याने लेबलाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, वरच्या चित्रातल्या घराच्या डाव्या खिडकीचा रंग उडाला आहे का? मागची फळी एकदा उघडलेली असताना तो मी लहानपणी नखाने काढला होता असं आई सांगायची. मी उठून पाहिलं. उडाला होता. वहीत मी त्याची नोंद 'जुनी झीज' अशी केली होती. पत्रात दुसरा प्रश्न होता : आरशाच्या मागे हाताने काही लिहिलेलं आहे का?

माणसाने अशा वेळी एक दिवस थांबावं, विचार करावा. मी दहा मिनिटांत उत्तर धाडलं : हो, आहे. आता ते रंगाखाली आहे, पण काळजी करू नका, रंग काढता येतो. रंग उतरवणं हा माझ्या हातचा मळ होता. इतक्या खुर्च्यांचे चार-चार थर उतरवले होते. त्याला किती आनंद झाला ते त्याच्या पुढच्या पत्रातल्या चुकलेल्या स्पेलिंगांवरून कळत होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. तो त्या मिशनच्या बंगल्यात जन्मला. आधी एक मोठा भाऊ, मग हा, आणि हा दोन वर्षांचा असताना एक बहीण. ती अकरा दिवस जगली. म्हणजे आमच्याकडे तिचं बारसंही झालं नसतं. त्यांच्याकडेही बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता, त्यामुळे चर्चच्या वहीत ती नाही. जन्म घरातला, त्यामुळे सरकारी कागदातही नाही. बंगल्याच्या खालच्या उतारावर तिला पुरलं होतं, तो उतार एका पावसात दरडीबरोबर गेला. वर्षा-दोन वर्षांत कुटुंब अमेरिकेला परतलं, ट्रंका तेवढ्या नेल्या, आरसा राहिला. आणि घरात त्या मुलीचं नाव कोणी काढायचं नाही असं ठरून गेलं. कोणी ठरवलं ते माहीत नाही. मोठ्या भावाला नाव ठाऊक असणार, पण तो तरुणपणीच वारला. आईच्या शेवटच्या आजारात याने धीर करून तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हा तिघांनाही मी आरशाच्या मागे लिहिलंय." नाव काय, असं त्याने पुन्हा विचारलं. तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "लिहिलंय ना तिथे." तिच्या तोंडून ते शेवटपर्यंत निघालं नाही.

म्हणजे त्या म्हाताऱ्याला आपल्या बहिणीचं नाव माहीत नव्हतं. ते फक्त माझ्या बैठकीतल्या आरशाच्या पाठीवर होतं.

मी फोटो पाठवते असं लिहिलं, तर तो म्हणाला, नको, मीच येतो, माझ्यासमोर काढा. जानेवारीत आला. धुक्यामुळे दिल्लीला विमान अडकलं, तिथून टॅक्सी करून भर थंडीत आमच्या दारात उतरला. उंच, वाकलेला, कानात यंत्र, आणि हातात एकच लहान बॅग. त्याला हिंदीचे तीनच शब्द येत होते : पानी, दूध आणि सो जाओ. लहानपणी त्याला सांभाळणाऱ्या आयाचे. यांनी त्याला आपलं लोकरी जाकीट दिलं, ते त्याला आखूड झालं, आणि तो ते आठ दिवस घालून वावरला. पहिल्या संध्याकाळी तो आरशासमोर गेलाच नाही. दुरून, दारातूनच पाहिलं. मी म्हटलं, या ना जवळ. म्हणाला, "उद्या."

मी उतावळी असले तरी अगदीच मूर्ख नाही. सरळ रंगाला हात घालण्याआधी काही दिसतं का ते पाहावं असं ठरवलं. मोहालीला सेक्टर ६७ मध्ये औषधांची मोठी संस्था आहे, तिथे संशोधन करणारी नांदेडची एक मुलगी गणपतीत ओळखीची झाली होती. ती रविवारी कुठूनसा एक कॅमेरा मागून घेऊन आली, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा. अशाने जुन्या चित्रांच्या रंगाखालच्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात म्हणे. आम्ही पडदे ओढले, आरसा पालथा केला. तिने चाळीसेक फोटो काढले, लॅपटॉपवर ताणून ताणून पाहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, म्हणजे त्याला कळू नये म्हणून, "काकू, काहीच दिसंना बघा. पेंटमध्ये बी काजळीच अन् पेन्सिलीत बी तसलंच. कॅमेऱ्याला दोन्ही काळंच. दुसरा कोणताबी रंग असता ना, तर दिसलं असतं."

दुसरा कोणताही रंग. हिरवा असता, लाल असता. पण फौजेत पेट्या काळ्या.

मी म्हाताऱ्याला सांगितलं, हरकत नाही, रंग काढू. मनीमाजऱ्याचे माझे मिस्त्रीजी आहेत, मूळचे सहारनपूरचे, पॉलिशच्या कामात पन्नास वर्षं गेलेली. मी आयुष्यात ज्या थोड्या माणसांपुढे गप्प बसते त्यांतले ते एक. ते बुधवारी आले. धुकं जरा निवळलं होतं, मागच्या अंगणात ऊन होतं. जुन्या चादरीवर आरसा पालथा ठेवला. मिस्त्रीजींनी लेबलापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. रंग उतरवायचं औषध ब्रशने लावलं, थांबले, रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला, मग लाकडी पट्टीने अलगद उचलला. आधी आमचं आडनाव गेलं, मग नग क्रमांक. म्हातारा खुर्चीत पुढे झुकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून.

लेबलाखालची जागा यायला दुपार झाली. काळा रंग निघाला आणि खाली पांढुरकं, स्वच्छ लाकूड दिसलं. क्षणभर मी खूष झाले, की किती छान निघाला. मग कळलं की ते जरा जास्तच स्वच्छ आहे.

मिस्त्रीजींनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मैडम जी, इस पे तो रंग से पहले रेगमाल चला हुआ है." रेगमाल म्हणजे पॉलिशपेपर. इथे सगळे रेगमालच म्हणतात.

आणि मला ते सगळं जसंच्या तसं आठवलं. अंगण, ओळीने मांडलेलं सामान, सहायकांच्या हातातला ब्रश, आणि माझा आवाज : "ऐसे नहीं भैया, पहले अच्छे से घिसो, तब रंग पकड़ेगा." मला अर्धवट काम चालत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी चांगलं घासलं. आडवं घासलं आणि उभं घासलं, ओरखडे अजून दिसत होते. मी माझा तळवा फिरवून पाहिला. त्या लाटा आता हाताला लागत नव्हत्या.

"काय म्हणाले ते?" म्हाताऱ्याने विचारलं.

मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. शब्द सोपेच होते. मी सांगत असताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझं सांगून झाल्यावरही बघत राहिला, जणू अजून काही सांगायचं बाकी आहे. मिस्त्रीजींनी पट्टी पुसून पिशवीत ठेवली. जाताना म्हणाले, "कोई ना जी," म्हणजे असू द्या, आणि मजुरीला हातही लावला नाही.

बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. मी धावत आत जाऊन वही शोधायला लागले. वहीत असेल! मी इतकं सगळं नकलून घेते, तर नावंही घेतली असणार. हे माळ्यावर चढले, दोन खोकी उतरवली. त्या आरशाची दोन पानं मिळाली. फाटक्या कोपऱ्याचं मापसुद्धा होतं. आणि सगळ्यात खाली, पेनाची शाई संपत आली असावी असं फिकट, एक ओळ होती : 'पाठीवर पेन्सिलीने घरगुती मजकूर. किंमत कमी.'

म्हातारा माझ्या खांद्यावरून बघत होता. मराठी त्याला येत नव्हती. "हे काय लिहिलंय?" त्याने बोट ठेवलं. मी म्हटलं, पेन्सिलीने घरातलं काही लिहिलं होतं अशी नोंद आहे. "ते एक वाक्य झालं," तो म्हणाला, "पुढे अजून दोन शब्द आहेत." मी तेही सांगितलं. खोट्याला खरं म्हणायचं नाही ना.

तो रागावला असता तर मला सोसलं असतं. आमच्या घरात ओरडणाऱ्या माणसांची मला सवय आहे, मी स्वतः त्यातलीच. तो फक्त म्हणाला, "पण तुम्ही वाचलं होतं."

"हो."

"मग ते कुठेतरी असेल. डोक्यात. घाई करू नका."

पुढचे चार दिवस मी आठवायचा प्रयत्न केला. यापेक्षा केविलवाणं काम मी दुसरं केलेलं नाही. सकाळी उन्हात बसून, डोळे मिटून, ती खोली उभी करायची : गाद्यांचा ढीग, ओलसर भिंत, टॉर्च. फळी दिसायची. उजव्या अंगाची गाठ दिसायची, तिचा बदामी रंगही. लेबलावरचं छपाईत चुकलेलं शेवटचं अक्षर दिसायचं. खाली नजर नेली की अक्षरांचा झुकाव दिसायचा, पाण्याखालून दिसल्यासारखा, आणि एकही अक्षर लागायचं नाही. म्हातारा समोर किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलत बसायचा. सालं ताटलीत नीट रचायचा, बिया काढायचा आणि फोडी माझ्यापुढे सरकवायचा. काही विचारायचा नाही. मी डोळे उघडले की भुवया जराशा उचलायचा. मी मान हलवली की पुन्हा सोलायला लागायचा. मला रडू यायचं, आणि रडायचा हक्कही आपला नाही असं वाटून आणखी यायचं.

जाताना मी म्हटलं, आरसा तुमचा आहे, घेऊन जा. इतकी जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, हे मलाच आधी ठाऊक असायला हवं होतं, पण मी म्हणून बसले. त्याने मान हलवली. "मला आरसा नको होता," तो म्हणाला. मग कधी नव्हे तो आरशासमोर जाऊन उभा राहिला, खिडकीच्या उडालेल्या रंगावर नख ठेवून पाहिलं, आणि टॅक्सीत बसला. यांचं जाकीट अंगात तसंच होतं. यांनीही मागितलं नाही.

मला वाटलं, संपलं. दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, त्याचा फोन आला. त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ. त्याने आईकडच्या नात्यातल्या बायकांची नावं काढली होती : आज्या, पणज्या, मावश्या. त्या घरात मुलींची नावं नात्यातूनच ठेवायचे. "मी एकेक म्हणतो, तुम्ही फक्त ऐका. ऐकल्यावर आठवेल." त्याने सात नावं म्हटली, प्रत्येक नावानंतर जरा थांबत. मी सातही वेळा नाही म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी. नात्यातली नावं संपली, मग मिशनमधल्या बायकांची, मग आईच्या शाळेतल्या मैत्रिणींची, ती त्याने कुठून मिळवली देव जाणे. सुरुवातीला मी मनापासून ऐकायची. पण वीस-पंचवीस नावं झाल्यावर एक भयंकर गोष्ट व्हायला लागली. प्रत्येक नाव ओळखीचं वाटायला लागलं. त्या झुकत्या अक्षरांत प्रत्येक नाव बसायला लागलं. एकदा मी ओरडलेच, "थांबा, परत म्हणा!" पलीकडे काहीतरी सांडल्याचा आवाज आला. त्याने परत म्हटलं. पुन्हा म्हटलं. आणि मला कळलं की ते नाव मी आदल्या रविवारी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. "सॉरी," मी म्हटलं. तो म्हणाला, "नाही नाही, चांगलं झालं, तुम्ही लक्ष देताय."

हे एके दिवशी वैतागून म्हणाले, "अगं, सांगून टाक एखादं. ऐंशी उलटलेला माणूस आहे. कोणाचं काय जातंय?"

"अहो, आणि खरं नाव?"

"खरं आता आहे कुठे?"

मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. लोकांच्या खुर्च्या खोट्या ठरवताना माझी जीभ कधी अडखळली नाही, आणि एका म्हाताऱ्याला एक नाव द्यायचं तर मला धर्म आठवतो. पण मी दिलेलं नाव त्याने कुठल्याशा दगडावर कोरून घेतलं असतं, आणि ते चूक असतं, आणि जी खरंच अकरा दिवस होऊन गेली तिला मी दुसऱ्यांदा घासून पुसलं असतं. हे मला जमण्यासारखं नव्हतं. आणि न सांगणंही जमत नव्हतं.

गेल्या रविवारी त्याने यादी काढली नाही. हवेबद्दल बोलला, यांच्या गुडघ्याची चौकशी केली. आवाज थकलेला होता. मग म्हणाला, "आज एकच आहे. हे मला बरं वाटतं. कुणाचं म्हणून नाही, नुसतं बरं वाटतं." आणि त्याने एक नाव म्हटलं. लहानसं, दोन अक्षरांचं.

"तुम्ही ते वाचलेलं आहे," तो म्हणाला. "हे नव्हतं असं तुम्ही म्हणालात, तर मी शोधत राहीन. नाही म्हणाला नाहीत, तर मी थांबतो."

मी काय म्हणणार होते? हे नव्हतं, असं मला माहीत नव्हतं. हे होतं, असंही माहीत नव्हतं. फोन कानाला धरून मी गप्प राहिले. पाच सेकंद, दहा सेकंद. पलीकडे तो वाट बघत होता, आणि मग त्याने माझ्या गप्प राहण्याचा त्याला हवा तो अर्थ घेतला. "थँक यू," तो म्हणाला. मला वाटलं, आता ठेवेल. पण त्याने फोन ठेवला नाही. त्याने ते नाव पुन्हा एकदा घेतलं, या वेळी मला उद्देशून नव्हतं ते, हळू, शेवटचा स्वर जरा लांबवून, आतल्या खोलीतल्या कोणाला तरी हाक मारावी तसं. मी इकडे ऐकत होते, आणि तो आपल्या बहिणीलाच हाक मारतोय की दुसऱ्याच कोणाला, ते मला सांगता येत नव्हतं.